ग्राफिक्स कार्डाच्या स्लॉटजवळचे दोन कपॅसिटर तुटले: बोर्ड दुरुस्त करावा, बदलावा की तसाच चालवावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चार वर्षे वापरातला डेस्कटॉप, त्यात दहाव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर आणि आरटीएक्स ३०६० कार्ड. धूळ काढण्यासाठी कार्ड बाहेर काढताना स्लॉटच्या टोकाची प्लॅस्टिकची खिट्टी बोटाने दबेना, म्हणून ती स्क्रू ड्रायव्हरने दाबली. स्क्रू ड्रायव्हर निसटला आणि मदरबोर्डावर ओरखडा काढत गेला. खिट्टीजवळचे, खसखशीच्या दाण्याएवढे दोन तपकिरी घटक उडाले. त्यातला एक सापडला, दुसरा सापडला नाही. धाकधूक करत संगणक सुरू केला तर तो चालू झाला, पडद्यावर चित्रही आले, पण जीपीयू-झेड या ग्राफिक्स कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पूर्वी १६ लेन (कार्ड आणि प्रोसेसर यांच्यातल्या माहितीच्या वाटा) दिसत होत्या त्या आता ८ दिसतात. बोर्ड बदलावा लागेल का, आणि असाच वापरला तर कार्ड जळेल का, असे तुम्ही विचारले आहे.

दोन्हींचे उत्तर ‘बहुधा नाही’ असे आहे. त्यातला ‘बहुधा’ काढता यावा म्हणून आधी काही गोष्टी तपासाव्या लागतील, आणि तोपर्यंत संगणक पुन्हा सुरू करू नये अशी माझी विनंती आहे. एकदा चालला म्हणून दुसऱ्यांदाही निर्धोक चालेल असे धरून चालता येत नाही, कारण न सापडलेला तुकडा अजून बोर्डावरच कुठेतरी पडलेला असू शकतो. त्याची दोन्ही टोके धातूची असतात. तो एखाद्या चिपच्या दोन पायांमध्ये जाऊन बसला, तर मूळ इजेपेक्षा मोठे नुकसान तो करू शकतो.

संगणक ‘बंद’ केला म्हणजे बोर्डावरची वीज गेली असे होत नाही, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. पॉवर सप्लायला भिंतीतून वीज मिळत असेल तोवर ५ व्होल्टची स्टँडबाय लाइन बोर्डावर जिवंत असते. म्हणून केबल उपसून काढा, मग सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला भार निघून जाईल, आणि त्यानंतरच आत हात घाला. बोर्ड कॅबिनेटमधून पूर्ण बाहेर काढून, उलटा धरून, मऊ ब्रशने झाडावा. घरातला व्हॅक्युम क्लीनर वापरू नये. त्याच्या प्लॅस्टिकच्या नळीवर स्थिर विद्युत साचते. तुकडा स्लॉटच्या फटीत, एम.२ ड्राइव्हखाली किंवा हीटसिंकच्या पात्यांत अडकलेला हमखास सापडतो. सापडला तर तो परत लावण्यासाठी जपून ठेवू नका. हे कपॅसिटर म्हणजे सिरॅमिक आणि धातू यांचे कागदाहून पातळ थर एकावर एक रचून भाजलेले असतात. फटका बसल्यावर आतले थर तडकतात आणि बाहेरून ते भिंगाखालीही दिसत नाही.

आता ओरखड्याकडे या. तुम्ही लक्ष फक्त उडालेल्या घटकांवर ठेवले आहे, पण मला जास्त काळजी ओरखड्याची वाटते. टेबललॅम्पचा उजेड तिरपा पाडून, मोबाइलच्या कॅमेऱ्याने जवळून फोटो काढा आणि मोठा करून पाहा. वरचा रंगाचा लेप नुसता खरवडला असेल आणि खालचे तांबे अखंड असेल तर हरकत नाही. तांब्याची रेघ तुटली असेल तर तिला जोड द्यावा लागेल. आणि खरवडलेल्या तांब्याचा कीस शेजारच्या रेघेला टेकला असेल, तर तो लाकडी टूथपिकने सोडवून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यावा लागेल. पॅडांची, म्हणजे घटक ज्यांवर सोल्डरने बसवलेले असतात त्या धातूच्या ठिपक्यांची, अवस्थाही याच वेळी पाहून घ्या. घटक उडाला तिथे दोन चकचकीत रुपेरी ठिपके दिसत असतील तर पॅड शाबूत आहेत. त्यांच्या जागी मळकट, खडबडीत खड्डा दिसत असेल तर घटक पॅड उपटून घेऊन गेला आहे. पुढचा निर्णय बराचसा यावर अवलंबून आहे.

तुटलेला घटक कोणता होता, हे तो बोर्डावर कुठे होता यावरून बहुतेक वेळा सांगता येते. अंगावर आकडे छापलेले काळे चपटे घटक हे रेझिस्टर असतात. १०३ म्हणजे १० किलोओहम, ४७२ म्हणजे ४.७ किलोओहम, नुसता ० म्हणजे फक्त जोडतार. अंगावर काहीही न लिहिलेले तपकिरी घटक हे सिरॅमिक कपॅसिटर असतात. त्यांचे मूल्य नुसते पाहून कळत नाही, पण तुमच्या बाबतीत जागाच पुरेशी बोलकी आहे. स्लॉटच्या कडेला असे दाणे जोडीजोडीने, शाळेच्या रांगेत उभी केलेली मुले असावीत तसे ओळीने उभे असतात. एकूण ३२ असतात. प्रोसेसरकडून कार्डाकडे माहिती नेणाऱ्या १६ लेन, आणि प्रत्येक लेनला दोन तारा, म्हणून ३२. उलट दिशेने, म्हणजे कार्डाकडून प्रोसेसरकडे, येणाऱ्या तारांचे कपॅसिटर कार्डावरच असतात. या कपॅसिटरचे काम एवढेच, की दोन्ही बाजूंच्या चिपमधला स्थिर व्होल्टेज एकमेकांकडे जाऊ नये आणि वेगाने बदलणारा सिग्नल तेवढा पलीकडे पोचावा.

संगणक सुरू होताना प्रोसेसर प्रत्येक लेनवर विजेचा एक छोटा बदल पाठवून, ती तार किती वेळात चार्ज होते हे पाहतो. त्यावरून पलीकडे कोणी आहे की नाही हे त्याला कळते. मधला कपॅसिटरच नसेल तर तार क्षणात भरते आणि ‘इथे कोणी नाही’ असा निष्कर्ष निघतो. मात्र एक लेन गेली म्हणून १५ लेन चालत नाहीत. जोडणी १६ वरून थेट ८ वर, ८ वरून ४ वर उतरते. मोजणी मागच्या पट्टीच्या बाजूने, म्हणजे मॉनिटरची केबल लागते त्या टोकापासून सुरू होते. शून्य क्रमांकाची लेन तिकडे, तर १५ क्रमांकाची खिट्टीच्या टोकाला. ८ ते १५ यांतली कोणतीही लेन गेली तर ८ उरतात, ४ ते ७ मधली गेली तर ४ उरतात, आणि शून्याची गेली तर कार्ड सहसा दिसतच नाही. तुमचा स्क्रू ड्रायव्हर खिट्टीजवळ निसटला, दोन शेजारचे दाणे उडाले आणि ८ लेन उरल्या. हे तिन्ही धागे इतके नीट जुळतात, की एखाद्या शेवटच्या लेनची जोडी गेली आहे यावर मी पैज लावायला तयार आहे.

तरीही पैज लावण्याआधी बाकीची कारणे बाद करावी. कार्डाच्या सोनेरी पट्टीवर बोटाचा तेलकट डाग किंवा धुळीचा कण असला तरी लेन कमी दिसतात. म्हणून ती पट्टी अल्कोहोलने पुसून कार्ड पूर्ण आत, खिट्टी ‘टक’ वाजेपर्यंत बसवा. काही बोर्डांवर दुसऱ्या स्लॉटात कार्ड बसवले की पहिल्याच्या अर्ध्या लेन तिकडे वळतात. तुमच्याकडे दुसरे कार्ड नसेल, तर ती शक्यता उरत नाही. काही कार्डे मुळात आठच लेनची असतात. आरटीएक्स ४०६० किंवा आरएक्स ६६०० घेणारे अनेक जण हे पाहून उगाच घाबरतात. तुमचे ३०६० मात्र १६ लेनचे आहे. आणखी एक, कार्ड रिकामे बसलेले असताना वीज वाचवण्यासाठी पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे स्लॉटच्या या जोडणीच्या मानकाच्या, पहिल्या पिढीच्या वेगावर उतरते. ते नेहमीचेच आहे. कार्डावर भार टाकून मगच आकडा वाचावा, आणि वेगाचा आकडा सोडून लेनचा आकडा पाहावा.

मग दुरुस्ती करावी का? तुमच्या प्रोसेसरचा स्लॉट पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीचा आहे. या पिढीत एका लेनमधून एका दिशेला सेकंदाला जवळजवळ १ गिगाबाइट माहिती जाते. म्हणजे ८ लेनमध्ये सुमारे ८ गिगाबाइट, १६ मध्ये सुमारे १६. खेळांमध्ये ३०६० ला एवढ्या रुंद वाटेची गरज क्वचितच पडते आणि फरक सहसा डोळ्यांना कळत नाही. व्हिडिओ संपादन किंवा मोठी मॉडेल्स कार्डाच्या स्मृतीत सतत आत-बाहेर करणे असे काम असेल तर मात्र तो जाणवेल. माझे स्पष्ट मत असे, की ओरखड्याखालची तांब्याची रेघ अखंड असेल, हरवलेला तुकडा सापडला असेल आणि संगणक खेळ व कार्यालयीन कामासाठी असेल, तर ८ लेनवर निश्चिंतपणे चालवा. कार्ड जळण्याचा प्रश्न येत नाही; या तारांमधून कार्डाला वीज पुरवली जात नाही, त्यांतून फक्त सिग्नल जातो. मी दुरुस्तीच्या टेबलावर पाहिलेल्या अशा बोर्डांपैकी बरेचसे मूळ इजेपेक्षा घरी केलेल्या पहिल्या सोल्डरिंगने जास्त बिघडलेले होते.

ज्यांना दुरुस्ती करायचीच आहे, त्यांच्यासाठी आता तपशील सांगतो. तिसऱ्या पिढीसाठी ठरलेली मर्यादा १७६ ते २६५ नॅनोफॅरड आहे, म्हणून बाजारातला २२० नॅनोफॅरडचा कपॅसिटर घ्यावा. जुन्या पिढ्यांत १०० नॅनोफॅरड चालत असे, आणि तो लावला तरी पुष्कळदा लेन दिसू लागते, पण तो लावू नये. आधीच्या पिढ्यांत दर ८ बिटांसाठी १० बिट पाठवून शून्य आणि एक यांचा तोल सांभाळला जाई. तिसऱ्या पिढीपासून १२८ बिटांमागे फक्त २ बिट जास्तीचे असतात, त्यामुळे एकसारखे बिट लांबवर सलग येऊ शकतात आणि लहान कपॅसिटरमध्ये तेवढ्या वेळात सिग्नलची पातळी घसरते. आकार बहुधा ०४०२ असतो, म्हणजे १ मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद; शेजारच्या दाण्याशी ताडून खात्री करा. मागवताना हा आकडा इंचांच्या पद्धतीतला आहे हे सांगा, कारण मेट्रिक पद्धतीत ०४०२ म्हणजे याच्या निम्म्याहूनही लहान, जवळजवळ डोळ्यांना न दिसणारा पार्ट. इन्सुलेशनचा प्रकार एक्स७आर किंवा एक्स५आर असावा. जोडीतले दोन्ही कपॅसिटर एकाच मूल्याचे आणि एकाच ठिकाणाहून आलेले असावेत.

पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला असे दोनच नग मागायला गेलात तर दुकानदार तुमच्याकडे जरा विचित्र नजरेने पाहील, कारण हा माल हजारोंच्या रिळात विकला जातो. त्यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे तिसऱ्या पिढीचे एखादे मेलेले ग्राफिक्स कार्ड. त्याच्या सोनेरी पट्टीच्या वरच्या अंगाला नेमके हेच काम करणाऱ्या कपॅसिटरची रांग असते. दुरुस्तीवाल्यांकडे अशी कार्डे गठ्ठ्याने पडलेली असतात आणि दोन दाण्यांचे कोणी पैसे घेत नाही. काढलेला दाणा मीटरवर मोजूनच लावा.

लावण्याच्या कामात हॉट एअरचा (गरम हवेच्या झोताने सोल्डर वितळवण्याचा) मोह टाळा. शेजारीच स्लॉटचे प्लॅस्टिक आहे. ते वितळून पिना वाकल्या की बोर्ड संपला. बारीक टोकाचे, तापमान ठरवता येणारे सोल्डरिंग आयर्न ३२० ते ३५० अंशांवर ठेवा. कारखान्यातले सोल्डर शिसेविरहित असते आणि ते साधारण २१७ अंशांच्या पुढे वितळते. पॅडवर फ्लक्स (सोल्डर नीट पसरावे म्हणून लावायचे रसायन) लावून त्यात ६३/३७ चे शिसेयुक्त सोल्डर किंचित मिसळले, की मिश्रण त्याहून कमी तापमानाला हलते आणि पॅडवर ताण येत नाही. ६३/३७ चे सोल्डर नुसते १८३ अंशांना वितळते. मग तांब्याच्या विकने (सोल्डर शोषून घेणाऱ्या विणलेल्या पट्टीने) दोन्ही पॅड सपाट करून घ्या. विक पॅडवर घासू नये. ती ठेवायची, वरून आयर्न टेकवायचे आणि दोन्ही एकदमच उचलायचे. आयर्न आधी उचलले तर विक पॅडला चिकटते आणि ओढताना पॅड हातात येतो. माझ्या हातून असे किती पॅड गेले हे मी मोजणे सोडून दिले आहे.

त्यानंतर एकाच पॅडवर सोल्डरचा अगदी लहान थेंब ठेवा. चिमट्याने दाणा धरून तो थेंब वितळवत दाणा आडवा आत सरकवा, आयर्न काढा, आणि थेंब गोठेपर्यंत श्वास रोखून धरा. दाणा सपाट बसला असेल तर दुसऱ्या टोकाला सोल्डर द्या, नाहीतर पहिले टोक पुन्हा वितळवून सरळ करा. दोन्ही टोके एकाच वेळी वितळवण्याच्या नादात दाणा आयर्नच्या टोकाला चिकटून वर येतो आणि शोधाशोध नव्याने सुरू होते. शेवटी अल्कोहोलने फ्लक्स पुसा. कोकणासारख्या दमट हवेत पुसायचा राहिलेला फ्लक्स ओल धरतो, आणि पुढच्या पावसाळ्यात तिथे हिरवा गंज दिसू लागतो.

पॅड उपटला गेला असेल तर तिथे जाड तार ओढून काम भागवू नका. या दोन तारांची लांबी आणि अंतर मुद्दाम जुळवलेले असते, आणि वेडीवाकडी तार लावली तर लेन दिसूनही चुका करत राहते. सूक्ष्मदर्शकाखाली एखाद्या मिलिमीटरची केसासारखी तार जोडून हे करणारे कारागीर आहेत, पण ८ लेनवर व्यवस्थित चालणाऱ्या बोर्डासाठी मी स्वतः तो खटाटोप करणार नाही.

हे सगळे तुमच्या जागेपुरते खरे आहे. दुसऱ्या जागी हाच तपकिरी दाणा उडाला असता तर उत्तर बदलले असते. प्रोसेसरच्या सॉकेटभोवती असे डझनावारी कपॅसिटर वीजपुरवठा स्थिर ठेवण्यासाठी समांतर जोडलेले असतात. त्यातला एखादा पूर्ण निघून गेला तर बोर्ड बहुतेक वेळा काही कळू न देता चालतो. मात्र तोच अर्धवट तुटून आतून शॉर्ट झाला तर पूर्ण लाइन जमिनीला, म्हणजे बोर्डाच्या ग्राउंडला, टेकते आणि संगणक सुरूच होत नाही. असा शॉर्ट शोधताना प्रोसेसरच्या मुख्य लाइनवर मीटरने फसू नका. प्रोसेसर बसवलेला असताना तिथे काही ओहम, कधी एका ओहमपेक्षाही कमी रोध दिसतो आणि तो निरोगी असतो. १२ व्होल्टच्या कनेक्टरवर मात्र इतका कमी रोध दिसला तर तो बिघाडच.

वीजपुरवठ्याच्या भागात हात घालणाऱ्यांना एक जुनी चूक सांगतो. उमेदवारीच्या काळात माझ्याकडे प्रोसेसरच्या वीजपुरवठ्यातल्या एका फेजचा (शाखेचा) वरचा मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट झालेला बोर्ड आला. हा मॉसफेट १२ व्होल्टची लाइन तोडत-जोडत प्रोसेसरला हवे असलेले सव्वा-दीड व्होल्ट तयार करण्याच्या साखळीतली पहिली कडी असतो. मी मॉसफेट बदलला, पण तो चालवणारी ड्रायव्हर चिप तपासली नाही, आणि ग्राहकाचाच प्रोसेसर जागेवर ठेवून वीज दिली. ड्रायव्हर आधीच गेला होता. त्याने नवा मॉसफेट कायमचा चालू ठेवला आणि १२ व्होल्ट सरळ आत गेले. आवाज झाला नाही, धूर निघाला नाही. पंखा एकदा फिरून थांबला, इतकेच. प्रोसेसरचे पैसे मी खिशातून भरले. तेव्हापासून या भागातली दुरुस्ती झाली, की मी आधी प्रोसेसर काढून मोजमापे घेतो.

उभ्या डब्यासारखे ॲल्युमिनियमचे कपॅसिटर फुगले किंवा गळले असतील तर ते बदलणे त्या मानाने सोपे. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, निकृष्ट इलेक्ट्रोलाइटमुळे फुगलेल्या कपॅसिटरचे बोर्ड जगभर गठ्ठ्याने दुरुस्तीला येत होते, आणि माझ्या पिढीतल्या पुष्कळांचा हात त्यावरच बसला. क्षमता तीच, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त, १०५ अंशांचा आणि कमी अंतर्गत रोधाचा नग घ्यावा. काढण्याआधी फोटो घ्यावा, कारण बोर्डावरचा रंगवलेला अर्धा भाग बहुतेक ठिकाणी ऋण बाजू दाखवतो, पण सगळ्या ठिकाणी नाही. चपट्या पिवळ्या टँटलम कपॅसिटरमध्ये तर अंगावरचा पट्टा धन बाजूचा असतो. ॲल्युमिनियमच्या सवयीने तो उलटा लावला तर पेट घेऊ शकतो.

तुम्ही काम बाहेर द्यायचे ठरवले, तर आधी कारागिराला तो हे आयर्नने करणार की बोर्ड तापवून, आणि कपॅसिटर कोणत्या मूल्याचा लावणार, एवढे दोन प्रश्न विचारा. ‘बोर्ड थोडा भाजून देतो’ असे म्हणणाऱ्याकडून बोर्ड तसाच परत आणा. तुटून गेलेला घटक उष्णतेने परत उगवत नाही. काम झाल्यावर कार्ड बसवण्यापूर्वी मीटरवर तीन गोष्टी पाहा. नव्या दाण्याच्या दोन टोकांमध्ये जोड लागता कामा नये. स्लॉटकडच्या टोकाचा स्लॉटमधल्या आपल्या पिनेशी जोड लागला पाहिजे. आणि मीटरच्या डायोड मोडमध्ये, त्याची तांबडी तार बोर्डाच्या ग्राउंडला लावून, प्रोसेसरकडच्या टोकांवर येणारे आकडे शेजारच्या लेनसारखेच हवेत.

नंतर संगणक सुरू करून भाराखाली १६ लेन दिसतात का ते पाहा. दिसल्या तरी दोन दिवस वापरून विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘व्हिया-लॉगर’च्या (WHEA-Logger) १७ क्रमांकाच्या नोंदी शोधा. पीसीआय एक्सप्रेसवर झालेली आणि तिथल्या तिथे सुधारली गेलेली चूक तिथे लिहिली जाते. एखादी नोंद असेल तर सोडून द्या. ढीग साचला असेल तर भिंग घेऊन तोच दाणा पुन्हा पाहा. एक टोक सोल्डरमध्ये बसलेले आणि दुसरे नुसते टेकलेले, असे पुष्कळदा आढळते.